रोजची एक सल्फाची गोळी : को-ट्रायमॉक्साझोल डी.एस. आणि तिच्या जोडीच्या प्रतिबंधक औषधांचे परीक्षण

एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रातून, महिन्याच्या गोळ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पिशवीत साधारणपणे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे विषाणूला रोखणारी एआरटीची गोळी, जिच्याबद्दल समुपदेशक भरभरून बोलतात, आणि दुसरी म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल डबल स्ट्रेंथची पांढरी, जाडजूड गोळी, जिच्याबद्दल “ही रोज एक घ्यायची” यापलीकडे फारसे कोणी काही सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय केंद्रातून मी ही दुसरी गोळी वर्षभराहून अधिक काळ घेत आहे आणि तिचे फायदे व त्रास दोन्ही अनुभवले आहेत. गोळी उत्तम आहे, ती घ्यावी, आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तिचे दुष्परिणाम कधी येतात, कसे दिसतात आणि त्यांतला कोणता सहन करायचा व कोणता अजिबात नाही, हे रुग्णाला आधी सांगण्याची पद्धत आपल्याकडे फार कच्ची आहे, आणि एवढ्या चांगल्या औषधाकडे माणसे त्यामुळेच पाठ फिरवतात. म्हणून हे परीक्षण मी मुख्यतः दुष्परिणामांच्या अंगाने लिहीत आहे.

या एका गोळीत दोन औषधे आहेत : ट्रायमेथोप्रिम 160 मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल 800 मिलिग्रॅम, म्हणजे एकास पाच या प्रमाणात. सिंगल स्ट्रेंथच्या गोळीत याच्या बरोबर निम्मे, 80 आणि 400, असते. औषध दुकानात ही जोडी सेप्ट्रान, बॅक्ट्रिम, सिप्लिन अशा नावांनी मिळते आणि किंमत अगदी किरकोळ असते. एआरटी केंद्रात ती मोफतच आहे. सूक्ष्म जंतूंना फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व स्वतः तयार करावे लागते, आणि त्या प्रक्रियेतील लागोपाठच्या दोन पायऱ्या ही दोन औषधे अडवतात. माणूस फोलेट अन्नातून घेतो, त्यामुळे आपल्या पेशी बऱ्याच अंशी बचावतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या शरीरात न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया, मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मोसिस हा परजीवीचा संसर्ग, आयसोस्पोरा या परजीवीमुळे होणारे चिवट जुलाब आणि कित्येक जिवाणूजन्य आजार या गोळीने टळतात. या न्यूमोनियाचे गांभीर्य किती, हे समजण्यासाठी एवढेच आठवावे की जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना तो झाल्याची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि पुढे एड्स या नावाने ओळखल्या गेलेल्या आजाराची जगाला झालेली ती पहिली ओळख होती.

फायद्याचा पुरावाही तोंडी नाही. झांबियामध्ये 1 ते 14 वर्षांच्या एचआयव्हीबाधित मुलांवर झालेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी तिथे एआरटी जवळजवळ कोणालाच मिळत नव्हती, स्थानिक जिवाणूंमध्ये या औषधाला प्रतिरोधही भरपूर होता, तरीही ही गोळी घेणाऱ्या मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण 43 टक्क्यांनी कमी आढळले. काही पैशांच्या गोळीकडून यापेक्षा अधिक काय मागावे, हे मला तरी सुचत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीडी-फोर (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशींची रक्तातील संख्या) 350 च्या खाली असलेल्या, किंवा आजार तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात असलेल्या प्रौढ व्यक्तींना ही गोळी सुरू केली जाते. एचआयव्हीबाधित मातेच्या बाळाला ती सहा आठवड्यांचे झाल्यापासून पातळ औषधाच्या रूपात देतात आणि बाळाला संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत चालू ठेवतात.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. गोळी मोठी आहे आणि तोंडात थोडी रेंगाळली की कडवट चव सोडते. ज्यांना ती गिळता येत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून ती मधल्या रेघेवर मोडून घ्यावी किंवा सिंगल स्ट्रेंथच्या दोन गोळ्या मागाव्यात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ होते, भूक मंदावते, कधी उलटीही होते. मला सकाळी अनशापोटी घेतल्यावर हमखास मळमळत असे. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला लागल्यावर तो त्रास गेला. दिवसभर पाणी भरपूर प्यावे, कारण सल्फाचे खडे लघवीत साचण्याची थोडी शक्यता असते. उन्हाने त्वचा लवकर भाजते, याची उघड्या रानात काम करणाऱ्यांनी आठवण ठेवावी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा व डोक्याला टॉवेल किंवा पदर यांत हयगय करू नये. हे सगळे किरकोळ आहे. खरा विषय पुरळाचा आहे.

गोळी सुरू केल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे साधारण आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास, अनेकांच्या अंगावर लाल बारीक पुरळ उठते, खाज सुटते आणि काहींना त्याबरोबर तापही येतो. इतर लोकांपेक्षा एचआयव्ही असलेल्यांमध्ये हा प्रकार कितीतरी अधिक दिसतो. सल्फामेथॉक्साझोल शरीरात मोडले जाताना जे तीव्र उपघटक तयार होतात, त्यांना निष्प्रभ करण्याची क्षमता या आजारात कमी झालेली असते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. माझ्या बाबतीत पुरळ नेमके याच दिवसांत आले. आधी पोटावर, मग पाठीवर आणि दंडांवर. घरच्यांनी ते पित्त ठरवले आणि आमसुलाचे पाणी अंगाला लावायला दिले. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हेच होईल, आणि यात कोणाचाही दोष नाही. अंगावर असे काही उठले की आपल्याकडे पहिले नाव पित्ताचेच निघते. अडचण एवढीच की त्यामुळे गोळीवर संशय जाण्यास उशीर होतो, किंवा उलट, संशय आल्यावर माणूस कोणालाही न विचारता गोळी बंद करून टाकतो. माझ्या परिचयातील एका ताईंनी असेच केले. त्यांचा सीडी-फोर त्या वेळी फारच कमी होता आणि ज्या काळात या गोळीची गरज सर्वाधिक होती, नेमक्या त्याच काळात त्या तिच्याविना राहिल्या.

केंद्रातील डॉक्टरांनी मला तपासले ते पाहून मला बरेच शिकायला मिळाले. त्यांनी पुरळाकडे आधी पाहिलेच नाही. टॉर्च लावून तोंडाच्या आतील भाग, ओठांची आतली बाजू आणि टाळू पाहिली, खालची पापणी ओढून डोळ्यांत लाली आहे का ते पाहिले, लघवी करताना आग होते का, ताप आहे का, कातडीला हात लावला तर दुखते का असे विचारले, तळहात व तळपाय पाहिले, आणि मग कुठे सदरा वर करायला सांगितला. पुरळ किती पसरले आहे यापेक्षा ते तोंड, डोळे आणि जननेंद्रियांच्या नाजूक आवरणापर्यंत गेले आहे का आणि कुठे फोड आले आहेत का, हे महत्त्वाचे असते. माझे पुरळ कोरडे होते, तोंड स्वच्छ होते; त्यांनी सेटिरिझिन ही ॲलर्जीविरोधी गोळी दिली, गोळी चालू ठेवायला सांगितली, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलावले आणि पुढल्या आठवड्याभरात सर्व मावळले. हेच डॉक्टर किंवा त्यांचे समुपदेशक गोळी हातात देताना “दुसऱ्या आठवड्यात पुरळ येऊ शकते, आले तर गोळी बंद न करता इथे या, तोंडात फोड आले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी या” एवढे बोलले असते तर किती लोकांची भीती टळली असती! केंद्रावरील गर्दी मला दिसते, एकेका समुपदेशकासमोर केवढी रांग असते हेही दिसते, तरीही हे एक वाक्य टाळण्यासारखे नाही.

पुरळाची तीव्रता चार पायऱ्यांत मोजली जाते. नुसती लाली असेल, किंवा अंगभर पण कोरडे, फार तर साली निघणारे पुरळ असेल, तर देखरेखीखाली औषध चालू ठेवता येते. फोड आले, तोंडात जखमा झाल्या, तर औषध ताबडतोब थांबवतात आणि सारे पूर्ण बरे झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, ते पुन्हा देऊन पाहायचे की नाही याचा विचार करतात. कातडी ओली होऊन सोलवटू लागली, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झाला, तर हे औषध आणि सल्फा वर्गातील अशी औषधे त्या व्यक्तीला जन्मभर वर्ज्य. हा शेवटचा प्रकार विरळा आहे, पण जिवावर बेतणारा आहे. त्याची सुरुवात पुष्कळदा ताप, घसा दुखणे, डोळे चुरचुरणे आणि तोंड येणे अशी साधीच असते, आणि आपल्याकडे तोंड आले की “उष्णता वाढली” म्हणून गुलकंद किंवा सब्जाचे पाणी घेऊन आठवडा काढण्याची रीत आहे. ही गोळी नव्याने सुरू झालेल्या माणसाने तो आठवडा काढू नये. अंगावर पुरळ आणि त्याच वेळी तोंडात किंवा डोळ्यांत त्रास, एवढे दिसले की रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

एक बाब मला विशेष आग्रहाने मांडावीशी वाटते. पुरळ उठल्यावर बरेच जण केंद्राऐवजी गावातल्या डॉक्टरांकडे जातात आणि तिथे एचआयव्हीचा उल्लेख टाळतात, तो टाळण्यासाठी रोजच्या गोळ्यांबद्दलही मौन पाळतात. आजाराबद्दल कोणाला सांगायचे हा प्रत्येकाचा हक्क आहे. 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने तो मान्यही केला आहे. पण आजाराचे नाव न घेताही “सल्फाची गोळी रोज चालू आहे, बारा दिवस झाले” एवढे सांगता येते, आणि ॲलर्जीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवायचे की गोळी थांबवायची, हे ठरवायला त्या डॉक्टरांना तेवढ्याची फार मदत होते. शक्य असेल तर गोळीची पट्टीच सोबत न्यावी.

पुरळामुळे एकदा गोळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असे नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. तीव्र प्रतिक्रिया आलेली नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीराला या औषधाची हळूहळू सवय करून देता येते. त्याला डीसेन्सिटायझेशन म्हणतात आणि त्याची प्रचलित पद्धत सहा दिवसांची आहे. एक दिवस आधीपासून ॲलर्जीविरोधी गोळी सुरू करतात. मग पहिल्या दिवशी पातळ औषध 2 मिलिलिटर, म्हणजे सल्फामेथॉक्साझोल 80 आणि ट्रायमेथोप्रिम 16 मिलिग्रॅम; दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 6 आणि चौथ्या दिवशी 8 मिलिलिटर; पाचव्या दिवशी सिंगल स्ट्रेंथची एक गोळी आणि सहाव्या दिवशी पूर्ण मात्रा. वाटेत पुरळ उठले तर तिथेच थांबून डॉक्टर पुढचे ठरवतात. हे मी माहितीसाठी लिहिले आहे, घरी करून पाहण्यासाठी अजिबात नाही. अगदी साध्या बाटलीतल्या औषधाने होणारी ही पद्धत अनेकांना त्यांचे औषध परत मिळवून देते, आणि म्हणूनच “तुम्हाला सल्फा चालत नाही” असे एकदा केंद्राने दिलेल्या रुग्णाच्या पुस्तकात लिहिले गेले तर “सवय करून देता येईल का?” असे प्रत्येकाने विचारून पाहावे.

रक्तावर होणारा परिणाम पुरळासारखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो तपासणीतच शोधावा लागतो. फोलेटच्या वाटेत अडथळा आणणारे औषध दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः खाणेपिणे आधीच अपुरे असलेल्या माणसात, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होऊ शकतात. पूर्वी एआरटीमध्ये झिडोव्हुडिन सर्रास असे आणि तेही रक्त कमी करणारे असल्यामुळे दोन्ही औषधांचा भार अस्थिमज्जेवर एकदम पडत असे. हिमोग्लोबिन 9 च्या खाली असेल तर झिडोव्हुडिन देऊ नये असा नियमच आहे. त्याच काळात एआरटीतील नेव्हिरॅपिन हे औषधही चालू असे आणि त्याचेही पुरळ पहिल्याच काही आठवड्यांत येई, त्यामुळे दोषी कोण हे ठरवणे डॉक्टरांनाही कठीण जाई. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी बहुतेकांना मिळते, त्यामुळे हा गुंता पुष्कळ सुटला आहे. रक्त कमी झाले म्हणून लोहाची गोळी सुरू झाली तर मात्र वेळा पाहाव्यात : डोल्युटेग्राव्हिर लोह आणि कॅल्शियमबरोबर उपाशीपोटी घेतल्यास नीट शोषले जात नाही, ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे, नाहीतर दोन्ही जेवणासोबत घ्यावीत. औषध दुकानदार हे आपणहून सांगतीलच असे नाही.

किडनीच्या तपासणीबाबतही एक खुलासा हवा, कारण यातून नाहक घबराट होते. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडातून क्रिएटिनिन (ज्यावरून किडनीचे काम जोखतात तो रक्तातील टाकाऊ घटक) बाहेर टाकण्याची एक वाट अडवते. डोल्युटेग्राव्हिरही तसेच करते. दोन्ही एकत्र चालू असताना रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पहिल्या काही आठवड्यांत थोडा वर जातो आणि तिथेच स्थिर राहतो, किडनी मात्र पूर्वीइतकेच काम करत असते. परंतु त्याच गोळीत टेनोफोव्हिर असते आणि ते काहींच्या किडनीला खरोखर इजा करते. म्हणून क्रिएटिनिन वाढलेले दिसले की “हे असेच असते” म्हणून सोडून देणे चूक आणि लगेच गोळ्या बंद करणेही चूक. आकडा वाढतच चालला आहे का आणि लघवीत प्रथिने किंवा साखर जाते आहे का, हे पाहून डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा असतो. मागील अहवाल जपून ठेवणाऱ्या रुग्णाला इथे मोठा फायदा होतो, कारण एका आकड्यावरून काहीच कळत नाही, दोन-तीन आकडे शेजारी ठेवले की कळते.

पोटॅशियमबद्दल तर बहुतेक रुग्णांनी काही ऐकलेलेच नसते. ट्रायमेथोप्रिममुळे शरीरात पोटॅशियम साठू शकते. तरुण आणि किडनी चांगली असलेल्या माणसात रोजच्या एका गोळीने सहसा काही होत नाही, पण एआरटीमुळे आता एचआयव्हीसह साठी-सत्तरी गाठणारे लोक आपल्यात आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल, हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असते. ही औषधेही पोटॅशियम वाढवतात. त्यात अशक्तपणा वाटतो म्हणून रोज शहाळ्याचे पाणी, आणि रक्तदाबासाठी म्हणून बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ, ज्यात पोटॅशियम घातलेले असते, असे सारे एकत्र आले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याइतकी पातळी चढू शकते. अशा व्यक्तींनी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातील पोटॅशियम तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, फिटसाठी फेनिटोइन किंवा सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तरीही ही गोळी सुरू होण्याआधीच ते सांगितले पाहिजे.

को-ट्रायमॉक्साझोल अजिबातच चालले नाही तर पर्याय म्हणून डॅप्सोन 100 मिलिग्रॅम रोज देतात. महाराष्ट्राला हे औषध अनोळखी नाही; कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात ते कित्येक वर्षे वापरले गेले आहे, आणि त्यामुळेच गोळीचे नाव ओळखणारा एखादा नातलग भलताच अर्थ काढील अशी धास्ती रुग्णांना वाटते. पर्याय म्हणून ते उपयोगी आहे, पण माझ्या मते बरोबरीचे नाही. न्यूमोसिस्टिसविरुद्ध ते थोडे कमी पडते, एकट्याने टॉक्सोप्लाझ्मोसिस रोखत नाही, आणि त्याचे दुष्परिणाम अधिक लक्ष मागतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी डॅप्सोनने झपाट्याने फुटतात. म्हणून सुरू करण्याआधी ती तपासणी झालीच पाहिजे. दुसरा दुष्परिणाम फसवा आहे : हिमोग्लोबिनचे रूप बदलून मेथहिमोग्लोबिन तयार होते, ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात, दम लागतो, आणि कोविडनंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा 85 च्या आसपास अडकून राहतो. दम लागणे हे ज्या न्यूमोनियासाठी औषध घेतो त्याचेही लक्षण असल्यामुळे इथे अंदाज बांधत बसू नये, रुग्णालयात जाऊन रक्ताचीच तपासणी करून घ्यावी. डॅप्सोन सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, गाठी सुजणे आणि कावीळ असे एकत्र आले तर तेही तातडीचे आहे.

भारतात एचआयव्हीसोबत सर्वाधिक दिसणारा संधिसाधू आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावल्यावर डाव साधणारा आजार, क्षयरोग आहे, म्हणून त्याच्या प्रतिबंधक औषधाचाही विचार करायला हवा. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे ही चार लक्षणे नाहीत याची खात्री झाल्यावर आयसोनियाझिड 300 मिलिग्रॅम रोज, सहा महिने, सोबत पायरिडॉक्सिन म्हणजे ब-6 जीवनसत्त्व, अशी पद्धत केंद्रांतून रुळलेली आहे. ब-6 ची गोळी छोटी असल्यामुळे लोक तिला शक्तीची गोळी समजून सोडून देतात, आणि मग तळपायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा सुरू होतो. ती नेमकी हेच टाळण्यासाठी दिलेली असते. मोठा धोका यकृताचा आहे. भूक एकदम जाणे, मळमळ, चहासारखी गडद लघवी, डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवून लगेच केंद्रात जावे, आणि या सहा महिन्यांत दारूला स्पर्शही करू नये. कोकणातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो : शिळ्या किंवा नीट बर्फात न ठेवलेल्या बांगडा, कुपा यांसारख्या माशांत हिस्टामिन तयार होते, आणि आयसोनियाझिड चालू असताना शरीर ते मोडू शकत नाही. मासे खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होऊन डोके ठणकू लागले, छातीत धडधडले, तर ती औषधाची ॲलर्जी समजून गोळी सोडण्याआधी ताटात काय होते हे डॉक्टरांना सांगावे.

आयसोनियाझिड व रिफापेंटिन यांचा आठवड्यातून एकदा, असा बारा मात्रांचा नवा मार्गही आता आला आहे. रोजची कटकट नाही, म्हणून तो मला अधिक पसंत आहे. मात्रा घेतल्यानंतर काही तासांत अंग मोडून येऊन ताप चढल्यासारखे वाटू शकते, आणि लघवी नारिंगी होते, ती निरुपद्रवी असते. डोल्युटेग्राव्हिरसोबत तो चालतो. ॲटाझानाव्हिरसारखी दुसऱ्या फळीतील औषधे घेणाऱ्यांना चालत नाही, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, हे स्त्रियांना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे. क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणाऱ्या मेंदुज्वरानंतर पुन्हा तो होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या फ्लुकोनाझोलने दीर्घकाळात ओठ कोरडे पडतात, केस गळतात आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते. केस औषध थांबल्यावर परत येतात. क्षयाच्या जंतूंशी नाते असलेल्या ‘मॅक’ जंतूंचा संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या, आठवड्यातून एकदाच्या ॲझिथ्रोमायसिनची गरज एआरटी तातडीने सुरू होऊ लागल्यापासून फारशी उरलेली नाही.

केंद्राच्या सेवेबद्दल बोलायचे तर औषध मोफत आणि सहसा न चुकता मिळते, गोळ्या मोजून उरलेल्यांचा हिशेब घेतला जातो, क्षयाची चार लक्षणे प्रत्येक भेटीत विचारली जातात. 1 एप्रिल 2004 रोजी मोजक्या शासकीय रुग्णालयांतून सुरू झालेली मोफत एआरटी आज तालुक्यापर्यंत पोहोचली, ही मोठी कामगिरी आहे आणि तिचा मी लाभार्थी आहे. उणीव आहे ती दुष्परिणामांच्या नोंदीत. मी पुरळ घेऊन गेलो तेव्हा उपचार योग्य झाला, पण माझ्या हिरव्या पुस्तकात त्याची नोंद मी मागितल्यावरच झाली, आणि भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे असा त्रास कळवता येतो हे कोणी सांगितले नाही. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालणाऱ्या या कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे आणि रुग्णांनी स्वतः भरण्याचा वेगळा अर्जही आहे. तो क्रमांक गोळ्या वाटपाच्या खिडकीवर लावायला खर्च काहीच येणार नाही.

गोळी किती दिवस घ्यायची, हा प्रश्न रांगेत सर्वांत जास्त विचारला जातो. आपल्याकडील नियम असा की सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेळा सीडी-फोर 350 किंवा अधिक आला, तो चढता असला आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील कोणताही आजार नसला, तर ती थांबवता येते. आफ्रिकेतील हिवतापाच्या प्रदेशांत हा नियम वेगळा आहे. युगांडा आणि झिम्बाब्वेमधील मुलांवरील अभ्यासात एआरटीवर स्थिर झाल्यानंतरही गोळी बंद केलेल्यांना हिवताप व इतर संसर्गांमुळे रुग्णालयात अधिक वेळा दाखल व्हावे लागले होते. माझा पहिला अहवाल 350 च्या वर आला आहे, दुसरा व्हायचा आहे, आणि तोवर रात्रीच्या जेवणानंतरची गोळी चालू आहे. ती बंद होईल त्या दिवशी मी डॉक्टरांकडून पुस्तकात दोन ओळी मागून घेणार आहे : गोळी कोणत्या अहवालांवरून थांबवली, आणि सुरुवातीला पुरळ उठले असता औषध न थांबवता ते बरे झाले होते. सीडी-फोर पुढे कधी घसरला तर हीच गोळी पुन्हा सुरू करावी लागते, आणि तेव्हा समोर बसलेल्या नव्या डॉक्टरांना या दुसऱ्या ओळीची गरज पहिलीइतकीच पडेल.